घाटावर पोरीनं दिलेला शब्द

बायको जाऊन आठवडाही झाला नव्हता, तोवर बेळगावहून मुलांच्या कमिटीतल्या मॅडम दारात आल्या. आमच्याजवळ एक पोरगी होती. दत्तक नव्हे, आईबाप नाहीत म्हणून सरकारनं आम्हाला सांभाळायला दिलेली. सहा वर्षांची आली, आता अकरावं लागलंय. बायकोला आई म्हणायची, मला आप्पा.

मॅडम म्हणाल्या, "आजोबा, घरात बाईमाणूस नसलं की मुलगी ठेवता येत नाही. नियम आहे."

"मी काय खातोय व्हय तिला?"

"तुम्ही नाही हो. पण नियम सगळ्यांना एकच. दिवस होऊ देत, मग गाडी पाठवते. सध्या बेळगावच्या होममध्ये राहील."

मी चौथी शिकलेला माणूस. शिवी सुचली, ती गिळली. पोरगी आत भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं.

दहाव्याला नदीच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, पण एक खाली उतरंना. ऊन चढलं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, आक्काचा जीव पोरीत अडकलाय. म्हणा, पोरीला सोडणार न्हाय. लगेच शिवंल बघा."

"कसं म्हणू? नेणार हायत तिला."

"म्हणायला काय जातंय? कोण बघायला येतंय?"

"जित्ती असताना तिच्याशी खोटं बोललो न्हाय. मेल्यावर बोलू व्हय?"

"मग बसा उन्हात दिवस बुडूस्तोवर!" मागनं कुणीतरी करवादलं.

पोरगी हट्टानं घाटावर आलती. ती पुढं झाली, पिंडापुढं हात जोडले आणि वर्गात उत्तर द्यावं तसं मोठ्यानं बोलली, "आई, मी जातो त्या होमला. नीट ऱ्हातो. आप्पाला उन्हात बसवू नगंस. तू जेव."

कावळा उतरला. लोक म्हणाले, सुटली बाई. मला त्या कावळ्याला धोंडा घालावा वाटला. एवढ्या लवकर कशी पटली हिला पोरीची गोष्ट?

चार दिवसांनी गाडी आली आणि पोरगी गेली. मी दर रविवारी बस धरून बेळगावला जायचो. होमच्या बाकावर आम्ही बसायचो. ती माझा सदरा चिमटीत धरायची आणि विचारायची, "धुतला न्हाईस व्हय रं आप्पा?"

मागल्या रविवारी तिथं गुंजीकडचं एक जोडपं बसलं होतं. पोरीला घरी न्यायला तयार झालेलं. मॅडम म्हणाल्या, "आजोबा, हिच्या सवयी यांना सांगा."

खोटं सांगायचं मनात आलं. चोऱ्या करते, उलटून बोलते म्हणावं, मग नकोच म्हणतील. पण त्या बाईनं पोरीची वेणी नीट करायला घेतली होती. मी सांगून टाकलं. वांगं खात न्हाय. दिवा मालवला की झोपत न्हाय. रागावली की बोलत न्हाय, तवा तिला जवळ बसवायचं, विचारायचं काही न्हाय.

बाई म्हणाली, "तुम्हीबी येत जावा की आमच्याकडं."

मॅडमनी मान हलवली. "सध्या नको. आधी रुळू दे तिला तिथं."

संध्याकाळी स्टँडवर माझी घरची, निपाणीची बस लागली. मी चढलो नाही. दुसरी आली, तीही सोडली. घरी जाऊन करायचं काय, ते कळंना.