आमच्याच गावचं गेट

रेल्वेत लागल्यावर पोस्टिंग आमच्याच गावच्या गेटवर झालं, तेव्हा आक्का म्हणाली, "घरची भाकरी, सरकारी नोकरी. आणि काय पायजे रं तुला?"

मला झोप पाहिजे होती. बारा तासांची पाळी, कधी दिवसाची, कधी रात्रीची. पहिल्या वर्षात अंग असं शिणलं की जेवतानाही फोन वाजल्याचा भास व्हायचा. बेळगावहून खानापूरला जाणाऱ्या लाईनच्या एका अंगाला आमचं गाव आणि दुसऱ्या अंगाला शेतं नि मसणवट. स्टेशनातून गाडीचा फोन आला की हँडल फिरवून गेट लावायचं, किल्ली काढायची. मग गाडीला सिग्नल मिळाला की ती जाईपर्यंत मला स्वतःलाही ते उघडता येत नाही. पण हे गावाला सांगणार कोण? परक्या गावात नुसत्या शिव्या मिळाल्या असत्या, इथं त्या नात्यासकट मिळायच्या.

"आरं, चुलत्याला थांबवतोस व्हय? गाडी कुठं दिसत्या? उघड की!"

मागं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग आणि हॉर्नचा ठणाणा. समजावून समजावून तोंड दुखलं, मग मी बोलणंच सोडलं.

'उघड' म्हणाले नाहीत ते एकटे आप्पा, माझे थोरले चुलते. वडिलांच्या मागं त्यांनीच मला वाढवलं, त्यांना मूलबाळ नव्हतं. गेट लागलं की सायकल टेकवून दगडावर बसायचे. "तुझं काम तू कर. रान कुठं पळून जात न्हाय," म्हणायचे. त्यांच्यासमोर मला जरा बरं वाटायचं.

दिवाळीच्या सुमारास एका सकाळी मी ड्युटीवर आलो आणि मागोमाग घरून फोन आला. आप्पा गेले. त्यांचं मडकं मीच धरायचं, हे घरात कधीचं ठरलेलं. मी स्टेशनात कळवलं. साहेब भला माणूस, आधी कन्नडमधून हळहळला, मग म्हणाला, बदलीचा माणूस पाठवतो, तोवर गेट सोडू नको. घरचे दुपार टळेपर्यंत थांबले. बदलीचा माणूस काही आला नाही. शेवटी चुलतभावानं मडकं उचललं आणि मंडळी निघाली.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. वळणावर तिरडी दिसली आणि इकडं फोन वाजला. मी गेट लावलं. आप्पांसमोर लावलं.

माणसं थांबली. तिरडी अशी वाटेत कुठंही खाली ठेवता येत नाही, म्हणून खांदे बदलत राहिली. त्या दिवशी कुणीच 'उघड' म्हणालं नाही. शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं, त्या गप्प राहण्यानं मला रडू फुटलं. मालगाडी आली ती संपता संपेना. नियमाप्रमाणे हिरवा झेंडा धरून मी गाडीकडं बघत उभा होतो. आप्पांकडं माझी पाठ होती.

गाडी गेली. मी गेट उघडलं आणि कडेला झालो. चुलतभाऊ माझ्यापाशी येऊन थांबला आणि त्यानं धुरकटलेलं मडकं पुढं केलं.

एक म्हातारे म्हणाले, "मडकं असं हातोहात देत न्हाईत रं."

चुलतभाऊ म्हणाला, "आण्णा, पोरगं त्येंचंच हाय. लाईनीपुरतं तरी धरू दे की."

म्हातारे बाजूला सरले. मी बूट काढले, झेंडा काखेत मारला आणि मडकं घेतलं. पायाखाली खडी टोचत होती, मागून तिरडी येत होती. जमेल तितका सावकाश चाललो, पण रूळ ते किती रुंद असणार? अलीकडच्या गेटापासून पलीकडच्या गेटापर्यंत मी आप्पांचा मुलगा होतो. तिथं मडकं चुलतभावाच्या हातात दिलं, तेवढ्यात पुन्हा फोन वाजला आणि त्यांच्यामागं गेट लावायला परत फिरलो.