लॅपटॉपमधला धवला

लॅपटॉप दुरुस्तीला टाकायचा तर आधी पुसून द्यायचा, हे ऑफिसातल्या मैत्रिणीने मला इतक्यांदा बजावलं की शेवटी मी तिच्यावर खेकसले. "अगं, दुकानवाले सगळं उघडून बघतात. फोटो, मेल, बँकेचं, काही म्हणजे काही ठेवू नकोस." म्हटलं, माझं मेलीचं कोण काय बघणार? चाळिशी उलटलेली, लग्न न झालेली, तारापूरच्या कारखान्यात गेटपास लिहिणारी बाई मी. पण एक गोष्ट होती त्यात. आईचा धवला होता.

आमच्याकडे लग्नात धवला गातात, आणि गाणारीला धवलेरी म्हणतात. केळव्याच्या आसपास आईशिवाय हळद लागत नसे. मांडवाबाहेर मात्र धवला तोंडात आणायचा नाही, हा तिचा कायदा. मी रेकॉर्ड करू म्हटलं तर अंगावरच आली. "येड लागलं हाय का तुला? लगीन कोनाचं हाय?" मी चिकट, मागे लागलेच. शेवटी एका रविवारी तिने दाराला आंब्याच्या पानांचा टाळा बांधला, तांदळावर दिवा ठेवला आणि म्हणाली, "तुजंच लगीन हाय असं समजते. पन परक्याच्या कानावर जायला नाय पायजे." मी शब्द दिला. दोन दिवस ती गायली. मी फोन धरून बसले होते आणि मधूनमधून जांभया देत होते. फोन भरला तसं सगळं लॅपटॉपवर टाकलं आणि फोनमधून काढून टाकलं.

पुढच्या वर्षी तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी तिला बोईसरजवळ सरावलीला माझ्या खोलीवर आणलं. कामावरून आले की ती डाव्या हाताने कान दाखवायची. मी दार लावून घ्यायचे, तिचा आवाज तिला लावून द्यायचे आणि स्वयंपाकाला लागायचे. ती डोळे मिटून ऐकायची. तिच्याजवळ तेवढंच राहिलं होतं हो, दुसरं काही नाही.

आणि तो लॅपटॉप मध्येच बंद पडायला लागला. दुकानात दहा माणसं बसलेली असतात, कोणी धवला लावला तर? आईला दिलेला शब्द होता. मी सुट्टी काढून कामाला लागले. मेलमधून बाहेर पडले, बँकेचे पासवर्ड काढले, फोटो पेनड्राइव्हवर घेतले. मग 'आई' नावाचं फोल्डर. ते मला दोन ठिकाणी दिसत होतं, एक समोर स्क्रीनवर आणि एक आत डी ड्राइव्हमध्ये. म्हटलं, दोन कशाला न्यायची? समोरचं उचलून पेनड्राइव्हवर टाकलं. क्षणात गेलं. तिथूनच उघडून बघितलंसुद्धा, आई गात होती. एवढी शहाणी मी! मग लॅपटॉपमधली दोन्ही पुसली.

बोईसरचा दुकानवाला चांगला माणूस होता. त्याने विचारलं, "मॅडम, अंदर का कुछ रखना है? विंडोज नया डालना पड़ेगा."

"कुछ नहीं है उसमें," मी म्हणाले. "सब उड़ा दो."

माझ्या तोंडाने म्हणाले मी हे.

चार दिवसांनी लॅपटॉप घरी आला. पेनड्राइव्ह लावला. फोटो होते. 'आई'वर क्लिक केलं तर काही सापडत नाही असं आलं. लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह उचलला. रिक्षा करून तशीच दुकानात गेले. त्याने बघितलं आणि हळू आवाजात समजावलं. समोरचं फोल्डर म्हणजे नुसता रस्ता होता, आतल्या फोल्डरकडे जाणारा. मी रस्ता उचलून नेला होता आणि घर पाडलं होतं. त्या दिवशी पेनड्राइव्हवरून उघडलं तेव्हा वाजलं, कारण लॅपटॉपच्या आतलं तेव्हा जागेवर होतं. तो दोन दिवस खटपट करत राहिला. काही मिळालं नाही. "पहले बोलते तो..." म्हणाला आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

घरी आले. आईने कान दाखवला. दोन-तीन दिवस मी थापा मारल्या, आज नाही, दुरुस्तीला आहे. मग मलाच सहन होईना. तिच्या पायाशी बसले. "आये, तुझा धवला गेला. मीच पुसला गं." ती बघत राहिली. "हाण मला, काहीतरी कर," मी म्हणाले आणि ढसाढसा रडले.

तिने डाव्या हाताने मला जवळ ओढलं. तोंड उघडलं. अं, अं, असा नुसता घोगरा आवाज आला, पण चाल मी ओळखली. हळदीची होती. अर्ध्या ओळीवर तिचा श्वास संपला. ती थांबली आणि बोटाने मला खूण केली, पुढचं तू म्हण.

मला पुढचा एकही शब्द येत नव्हता. रेकॉर्ड केलंय ना, म्हणून मी कधी शिकलेच नव्हते.