तांब्याभर पाणी आणि इलारियोनकाकांचं पिंप

दोमनिकाबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या, आणि पुस्तकातलं काहीही अंगणात करून दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकदा त्यांनी इलारियोनकाकांकडून एक पिंप मागून आणलं. आमच्या मोल्दोवात द्राक्षं उतरायच्या आधी घरोघर वाइनची पिंपं पाण्यानं भरून ठेवतात, म्हणजे लाकूड फुगून फटी बुजतात. ती पिंपं बनवणारे गावात एकटे काकाच.

"काही होणार नाही ना गं त्याला?" काकांनी विचारलं.

"छे हो! फार तर चार थेंब पाझरतील."

भरल्या पिंपाच्या तोंडात बाईंनी एक बारीक, लांब नळी मेणानं घट्ट बसवली, अक्रोडाच्या झाडाला उभी बांधली, आणि शिडीवर चढून तांब्यानं पाणी ओतू लागल्या. पाणी किती, यावर नाही, तर किती उंच, यावर दाब ठरतो, हे पोरांना दाखवायचं होतं. फळ्या झिरपल्या तेव्हाच थांबायला हवं होतं. पण पोरं "अजून! अजून!" करत होती. बाईंनी उरलेलं ओतलं आणि पिंप फाटकन उकललं.

पोरांनी घरी एवढंच सांगितलं, की काकांचं पिंप तांब्याभर पाण्यानं फुटलं. मग काय, गावाला विषयच मिळाला. "म्हाताऱ्याचा हात गेला," म्हणत लोकांनी दुरुस्तीला दिलेली पिंपं उचलून पलीकडच्या गावी नेली. काका उलट बाईंचीच माफी मागायला आले.

"पोरांना लागलं असतं गं. माझंच काम कच्चं."

खरं काय ते न सांगता बाईंनी त्यांना तसंच जाऊ दिलं. मला राग येतो तो याचाच. पण त्यानंतर त्यांना घास गोड लागेना. काका दिसले की त्या रस्ता बदलायच्या.

शेवटी एका रविवारी, चर्च सुटल्यावर, त्यांनी गावाला बोलावून घरचं पिंप शाळेच्या अंगणात आणलं आणि तशीच उंच नळी बसवली. ते पिंप काकांच्या गुरूनं बनवलेलं, बाईंनी आपल्या लेकीच्या लग्नाच्या वाइनसाठी जपलेलं.

"फुटणार हे मला ठाऊक होतं," शिडीवरून पाणी ओतत बाई ओरडल्या. "काकांना मी खोटं सांगितलं. त्यांचा हात चांगलाच आहे. आता हेही फुटेल, बघा!"

फळ्या झिरपू लागल्या. गर्दीतून काका धावत आले.

"उतर खाली, पोरी!"

"लोकांना पटू दे, काका."

"न पटेना का! चांगलं पिंप आहे."

झिरपणाऱ्या फटीवर त्यांनी दोन्ही तळवे दाबून धरले, आणि बाई रडत खाली उतरेपर्यंत काढले नाहीत.