मिक्सर लावला की वाजणारी बेल

आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा आम्ही मुलुंडला राहत होतो. घरात आम्ही दोघंच. ऑपरेशन होऊन ती घरी आली, पण कुणाचा खांदा धरल्याशिवाय तिला खाटेवरून उठता येत नव्हतं. मी अंधेरीच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचो. सकाळ-संध्याकाळ बाई यायची. मधला सगळा दिवस आई एकटी. पाणी संपलं किंवा मोरीकडे जायचं झालं, की आधार एकाच माणसाचा, समोरच्या घरातल्या वहिनींचा. चावी त्यांच्याकडे असे. पण मधे दोन बंद दारं, आईची हाक तिथवर पोचत नसे.

म्हणून मी बेल करायची ठरवली. आईच्या उशाशी बटण, वहिनींच्या स्वयंपाकघरात बेल. वायर ओढली असती तर एका संध्याकाळचं काम होतं. मी सगळ्यांना सांगितलं, की समोरच्यांची भिंत नुकतीच रंगवली आहे, तिला भोक कशाला पाडायचं. खरं कारण वेगळं होतं. मला बिनतारी बेल करून बघायची होती. इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकांतली सर्किटं मी बरीच वर्षं नुसती बघत आलो होतो. आईचं पडणं मला निमित्त म्हणून सापडलं, असं म्हटलं तर ते खोटं होणार नाही.

ब्रेडबोर्ड म्हणजे भोकाभोकांची पांढरी पाटी. सोल्डर न लावता तिच्यात भाग खोचायचे, चुकले की उपटायचे. एका पाटीवर प्रक्षेपक, म्हणजे आईच्या बटणाचा संदेश पाठवणारा भाग. त्याची कॉइल मी पेन्सिलीवर गुंडाळली. एरिअल एका मोडक्या ट्रान्झिस्टरची होती. दुसरी पाटी म्हणजे तो संदेश पकडणारा भाग, बेल चालू करणारा रिले आणि बेल. ब्रेडबोर्डवर असलं सर्किट स्थिर राहत नाही. नुसता हात जवळ नेला तरी त्याची वारंवारता सरकायची. तरी एका रविवारी आईनं बटण दाबलं आणि समोर बेल वाजली. बेलची पाटी मी तशीच प्लॅस्टिकच्या डब्यात घालून वहिनींच्या फडताळावर ठेवली. नंतर नीट सोल्डर करू म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी वहिनी म्हणाल्या, "भावोजी, मी मिक्सर लावला की ही मेली वाजते!"

मिक्सरच्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात. त्यांचा गोंधळ माझ्या सर्किटला आईचं बटण वाटत होता. खाली कुणी स्कूटर सुरू केली तरी कधी कधी वाजे. वहिनी हात पुसत धावत यायच्या. आई म्हणायची, "अगं, मी नाही गं दाबलं." मग आलीच आहेस तर पाणी दे, मोरीपर्यंत ने, असं व्हायचं. मला फक्त एवढंच दिसलं की माझी बेल खोटं बोलते. कारखान्यात असं यंत्र मी कुणाला परत दिलं नसतं.

म्हणून मी एक ठरावीक सूर ओळखणारी आयसी, म्हणजे चिप, आणून बेलच्या पाटीत खोचली. बटण दाबलं की प्रक्षेपक तोच सूर पाठवणार आणि तो ऐकू आला तरच बेल वाजणार. आता मिक्सर, स्कूटर, काहीही चालू दे. मी वहिनींना चटणी वाटायला लावली. बेल गप्प. मला फार आनंद झाला.

त्यानंतर बेल जवळजवळ वाजलीच नाही. मी समजलो, आई सुधारतेय. मग तिला थंडी वाजून ताप आला. डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली आणि मग मला विचारलं, "ह्या पाणी पीत नाहीत का?"

मी आईला विचारलं, "बटण का दाबत नाहीस?"

"दाबायला काय झालंय? पण ती इकडे आली की तिची सासू टोचून बोलते रे तिला. शेजारची पोरगी, तिला सारखं मोरीकडे ने म्हणायचं? त्यापेक्षा कमी प्यायलं की प्रश्नच नाही."

"अगं, पण त्यासाठीच तर केलंय ना मी ते!"

"केलंयस बाबा. छान केलंयस."

मी वहिनींकडे गेलो. का, ते मला नीट सांगता येणार नाही. बहुधा दोष वाटून घ्यायला. त्यांनी आतल्या खोलीकडे बघून आवाज खाली आणला.

"आधी ती सारखी वाजायची, तर सासूबाईच म्हणायच्या, जा, बघून ये. आता दुपारी मी तुमच्याकडे यायला उठले की विचारतात, 'घंटी वाजली काय गो? मगे खंय चललंस?' काय सांगू? तुम्ही झकास दुरुस्त केलीत, भावोजी. आमची वाट लागली."

आधी आईला पाणी मिळत होतं ते माझ्या बेलमुळे नव्हे, बेलमधल्या बिघाडामुळे. घरच्या सुनेला दुपारी उंबरा ओलांडायला कारण लागतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझी आईही एकेकाळी सूनच होती. मी ते सर्किटमध्ये धरलं नव्हतं.

मी डबा उघडला. ब्रेडबोर्डवर होतं म्हणून काम सोपं होतं. आयसी उपटायची आणि तिच्या जागी वायरचा एक तुकडा खोचायचा. तरी हात थांबला. ते सर्किट मी आजवर केलेल्यांपैकी सगळ्यात चांगलं होतं, आणि आई तापात पडलेली असताना मला त्याचं वाईट वाटत होतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

आयसी काढून खिशात टाकली, तिच्या जागी वायर खोचली. "लावा," म्हणालो.

वहिनींनी रिकामाच मिक्सर फिरवला. बेल खणखणली. आतून सासूबाईंचा आवाज आला, "गो, तिका काय होया बघ जा!" वहिनी तोवर दारापर्यंत पोचल्या होत्या.