अंगठ्याएवढी जागा

मी छातीची फिजिओथेरपिस्ट. पेशंटच्या छातीत साठलेला कफ मोकळा करायचा आणि त्याला पुन्हा नीट श्वास घ्यायला शिकवायचं, हे माझं काम. चिंचवडच्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत चौदा वर्षं हेच करतेय. आणि खरं सांगते, किस्से अगदी कफासारखे साठतात. रोजच्या रोज काढले नाहीत तर आपलाच श्वास अडकायला लागतो. घरी काढायची सोय नाही, नवरा म्हणतो, "जेवताना नको!" मग डबा खाताना मी आणि शिंदे सिस्टर एकमेकींना सांगतो आणि हसतो. रडायला तेवढी मोठी सुट्टी नसते.

आमच्याकडचे बरेचसे पेशंट एकाच जागी अडकलेले. मेंदू जिथे संपतो आणि मान सुरू होते, तिथला तो देठ. श्वास, ब्लडप्रेशर, गिळणं, घसा उघडा ठेवणं, सगळा कारभार तिथून चालतो. आमचे मोठे सर नातेवाइकांना स्वतःचा अंगठा दाखवून सांगतात, "एवढीशी जागा आहे हो!"

*

चाकणजवळच्या गावातले पवारकाका. कारखान्यात मेंटेनन्स फिटर. मुलगा बाइकवरून पडला, आणि नेमका त्या अंगठ्याएवढ्या जागी मार लागला. व्हेंटिलेटरवर होता.

"साहेब, हृदय चालू हाय ना त्याचं?"

"हो, उत्तम."

"फुप्फुसं?"

"तीही चांगली आहेत."

"मंग श्वास का घेत न्हाई?"

सरांनी अंगठा काढला, सगळं समजावलं. काका विचार करून म्हणाले, "म्हंजी मोटर चांगली, वायरिंग चांगलं, कंट्रोल पॅनल उडालं."

"अगदी बरोबर!" सरांना आनंदच झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी एका दमात समजलं होतं.

"मंग बदला की पॅनल."

"काका... त्याचं स्पेअर मिळत नाही."

काका काचेतून मुलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बत्तीस वर्सं मेंटेनन्स केला साहेब. ज्याचं स्पेअर मिळत न्हाई असं मशीन आमी शेडमधी घेतच नव्हतो!"

मुलगा चार दिवसांनी गेला. तेव्हापासून कुणी कितीही छान उदाहरण दिलं तरी सर "अगदी बरोबर" म्हणत नाहीत.

*

संतोष मराठवाड्यातून कामाला आलेला. शेडवर पत्रे बसवताना खाली पडला, मान मोडली. काही आठवड्यांनी श्वास त्याचा त्याला जमायला लागला, पण उभं करायचं म्हटलं की पंचाईत. आपण उभे राहतो तेव्हा पायातल्या रक्तवाहिन्या आवळायचा हुकूम मेंदू देतो, म्हणून प्रेशर टिकतं. संतोषचा हुकूम मानेतच अडकायचा. जरा वर उचललं की प्रेशर धाडकन खाली आणि हा बेशुद्ध!

अशांना एका टेबलावर पट्ट्यांनी बांधतात आणि टेबलच हळूहळू उभं करतात. रोज थोडंथोडं. तिसाव्या अंशाला तो पांढरा पडायचा, चाळीसला डोळे फिरवायचा. आई तीन महिने त्याच्या उशाशी. त्याला ती दिसायची ती कायम खालून, वर वाकलेली.

ज्या दिवशी साठ अंश गाठले, त्या दिवशी आई टेबलासमोर उभी होती. शिंदे सिस्टर प्रेशर सांगत होत्या, "नव्वद... ऐंशी... घेऊ का खाली?"

"ऱ्हाऊ द्या," संतोष म्हणाला. त्याने समोर नीट बघितलं. "माय, तू एवढी बुटकी कवा झालीस गं?"

आणि मान टाकली.

आम्ही घाईघाईने टेबल आडवं करतोय, आणि ती माउली टाळ्या वाजवतेय, "उभं ऱ्हायलं की माझं लेकरू!"

साठच्या पुढे तो कधी गेला नाही.

*

याच संतोषला भेटायला कंपनीचे एचआरवाले साहेब आले. सफरचंदं घेऊन. कॉटजवळ खुर्ची ओढून बसले आणि सुरू झाले, "कंपनी तुझ्या पाठीशी आहे, काळजी करू नकोस."

पाच-दहा मिनिटांत संतोषचा चेहरा लालबुंद, कपाळावरून घामाच्या धारा. मॉनिटर बोंबलायला लागला. एकशे साठ, एकशे नव्वद!

साहेब घाबरले. "अरे, शांत हो! तुझ्या भावाला घेतो कंपनीत!"

दोनशे दहा!

"पर्मनंट घेतो!"

दोनशे तीस!

तेवढ्यात शिंदे सिस्टर धावत आल्या आणि थेट कॉटखाली वाकल्या. लघवीची नळी साहेबांच्या खुर्चीच्या पायाखाली चेपली होती! मान मोडलेल्या माणसाला लघवी तुंबलेली कळत नाही, पण शरीर खालच्या खाली खवळतं आणि प्रेशर चढवत जातं. वरून आवरायला कुणी नसतं. खुर्ची सरकवली, पिशवी भरली, आणि थोड्या वेळात प्रेशर जागेवर आलं.

"म्हणजे तो माझ्यावर चिडला नव्हता?" साहेबांनी विचारलं.

"नाही हो. लघवी तुंबली होती."

साहेब एकदम मोकळे झाले. हसत गेले. भावाला बोलावणं काही आलं नाही.

पुढे एकदा व्यायाम घेताना संतोष मला म्हणाला, "मॅडम, सिस्टरनी त्या दिवशी जरा उशिरा यायला पायजे होतं!"

*

या कामाचा एक वाईट परिणाम होतो. लोकांचे श्वास मोजायची सवय लागते. लग्नात, बँकेच्या रांगेत, कुठेही.

एकदा आकुर्डीहून बसने येत होते. शेजारी कंपनीच्या निळ्या शर्टातला एक माणूस घोरत होता. घोरता घोरता आवाज बंद. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि काहींची वाटच बंद होते. मी मोजायला लागले. दहा... वीस... तीस... शेवटी राहवेना. गदागदा हलवला!

"ओ मॅडम! काय झालं?"

"तुम्ही श्वास घेत नव्हतात!"

"झोपलो होतो ना!"

"अहो, झोपेतच बंद होतो तुमचा. डॉक्टरला दाखवा."

"मॅडम, डबल शिफ्ट करून आलोय," तो हात जोडून म्हणाला. "श्वास नंतर घेतो, आधी झोपू द्या!"

आणि लगेच घोरायला लागला. दापोडी येईपर्यंत मी मोजत बसले.

*

दापोडीवरून आठवलं. तिथे भोसलेकाकांची खानावळ होती. त्यांना स्ट्रोक आला आणि नेमकं गिळणंच गेलं. हात-पाय ठीक, डोकं ठीक, आवाज तेवढा घोगरा. पण पाण्याचा घोटसुद्धा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जायचा. नाकातून नळी, नळीतून पातळ पेज. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना जेवू घातलं त्याला!

काकू रोज डबा आणायच्या, फक्त वास घ्यायला. काका डोळे मिटून हुंगायचे. "खोबरं जास्त भाजलंस." "आज मीठ विसरलीस." वासावरून मीठ कळायचं त्यांना!

एक दिवस सगळ्यांची नजर चुकवून त्यांनी कुणाच्या तरी कागदातला बटाटेवडा खाल्ला. तो गेला छातीत. ताप, न्यूमोनिया, पुन्हा आयसीयू. दोन आठवडे मी त्यांच्या छातीतून तो वडा काढतेय! जरा बोलण्याइतपत झाले तेव्हा मी चिडून विचारलं, "काका, जिवावर बेतलं. काय मिळालं तो वडा खाऊन?"

त्यांनी मला जवळ बोलावलं. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "काही नाही हो. शिळा होता."

त्यातून ते उठले नाहीत. त्यांनी खाल्लेली शेवटची गोष्ट ती.

*

देशमुख काका रिटायर्ड शिक्षक. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या त्याच अंगठ्याएवढ्या जागेला इजा झाली आणि एक विचित्र गोष्ट राहून गेली. जागेपणी श्वास ठीक चालायचा, पण डोळा लागला की मेंदू हुकूम द्यायलाच विसरायचा. झोपताना मशीन लावायचं ठरलं होतं. पण दुपारी टीव्हीसमोर डुलकी लागली की? काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, घ्या!" की काका दचकून श्वास घ्यायचे. थोड्या वेळाने परत, "अहो, घ्या!" शेजारणीला वाटायचं, ही नवऱ्याला दिवसभर चहाच पाजतेय!

सहा वर्षं काकू एक रात्रही कुठे राहिल्या नाहीत. सख्ख्या भाचीच्या लग्नातून अक्षता पडल्या तशा परतल्या होत्या.

त्या काकू बाथरूममध्ये पडल्या. मेंदूत मोठा रक्तस्राव. आमच्याकडे आणल्या तेव्हाच काही उरलं नव्हतं.

अशा वेळी एक तपासणी करतात. व्हेंटिलेटर बाजूला काढायचा, ऑक्सिजन चालू ठेवायचा आणि छातीकडे बघत उभं राहायचं. देठात थोडा जरी जीव असेल तर श्वास येतो. काकूंचा आला नाही. नियमाप्रमाणे हीच तपासणी सहा तासांनी पुन्हा करायची होती.

काका बाहेर बाकावर ताठ बसलेले. दोन दिवस त्यांनी डोळा लागू दिला नव्हता. सरांनी त्यांना सगळं सावकाश सांगितलं.

"श्वास घेतलाच नाही?" काकांनी विचारलं.

"नाही घेतला."

"तुम्ही तिला सांगितलंत का?"

"काय?"

"घे म्हणून. मला सांगावं लागतं."



दुपारी दुसऱ्या तपासणीला काका दाराशी येऊन उभे राहिले. त्यांना कुणी अडवलं नाही. मशीन बाजूला केलं. सगळे काकूंच्या छातीकडे बघत होते. एक मिनिट गेलं. दोन गेली. सर खाली वाकले, काकूंच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू म्हणाले, "काकू, घ्या."

"असं नाही हो," काका दारातून म्हणाले. "ओरडून सांगा. ती ओरडायची."

आणि सर ओरडले.