पलटीसाठी दोन वर्षं

आमचा फ्रिज पुढच्या खोलीत होता. स्वयंपाकघरात ठेवला तर आल्यागेल्याला दिसणार कसा, हा आईचा सवाल होता आणि पिंपरी पेंढारमध्ये तेव्हा तो कुणालाही पटला असता. वर क्रोशाचं कव्हर, त्यावर प्लास्टिकची फुलं. दार उघडल्यावर आतला जो पांढराशुभ्र भाग दिसायचा, त्यावर मात्र मी मनातल्या मनात हक्क सांगायचे. नव्वदीच्या दशकाच्या शेवटाची ही गोष्ट. पुण्यात मी पीएच.डी. करत होते, ती याच प्लास्टिकवर.

स्टायरीन नावाचा एक पातळ द्रव असतो. तो तापवला की त्याच्या रेणूंच्या साखळ्या होतात आणि कडक प्लास्टिक तयार होतं. पण ते फणीसारखं, पडलं की तुटलं. म्हणून स्टायरीनमध्ये आधीच थोडं रबर विरघळवतात. सुरुवातीला सगळीकडे रबराचं राज्य असतं आणि नवं प्लास्टिक त्यात थेंबाथेंबानं अडकलेलं असतं. ढवळत राहिलं की मध्येच कधीतरी सगळं उलटं होतं. प्लास्टिक बाहेर येतं आणि रबराचेच थेंब होऊन त्यात बसतात. पुढे धक्का सोसतात ते हे थेंब. ही उलथापालथ कधी होईल आणि थेंब केवढे होतील, हे आधीच सांगणारं गणित मी कॉम्प्युटरवर मांडत होते. माझा प्रोग्राम तिथपर्यंत शहाण्यासारखा चालायचा आणि तिथं पोचला की वाटेल ते आकडे ओकायचा. तो सुधारायला अजून दोन वर्षं तरी लागणार होती, आणि घोडेगावचं स्थळ रविवारी मला बघायला येणार होतं.

ती दोन वर्षं मागायचं काम वडिलांनी अंगावर घेतलं होतं. मुलीनं स्वतः अट घालायची पद्धत नव्हती. मुलीच्या बापानंही घालायची नसते, हे त्यांना पोहे खाताना आठवलं असावं. कांद्याचा भाव झाला, टोमॅटोवरचा रोग झाला, ओझरच्या देवळातली गर्दी झाली. दोन वर्षं काही तोंडातून निघेनात. मी दाराशी उभी राहून दातओठ खात होते.

शेवटी मुलाच्या चुलत्यांनीच विषय काढला. बैलगाडा शर्यतींत हयात गेलेला, दणदणीत आवाजाचा माणूस.

"पोरी, तू शिकती तरी काय? आमाला कळंल असं सांग."

मी सरळ फ्रिजचं दार उघडलं आणि सांगायला लागले. ते मध्येच म्हणाले, "म्हंजी तू पलास्टिक बनवती?"

"नाही काका. ते बनताना उलटं कधी होणार, ते आधी सांगते."

"गाडा पलटी व्हतो तसं? आन् गाडा पळायच्या आधीच सांगायचं? लई अवघड काम हाय राव!"

इतकी मनापासून दाद मला पुण्यात कुणी दिली नव्हती. मला चेवच आला. अंड्यांचा पांढरा ट्रे काढून दाखवला. आमच्याकडे त्यात लिंबं असायची. "हा फुटणार नाही, यात रबर आहे. खालचा भाजीचा ट्रे पारदर्शक आहे ना, त्यात रबर नाही. तो फुटेल."

"बघूच की," म्हणत काकांनी तो भाजीचा ट्रे उपसला, गवार सतरंजीवर रिकामी केली आणि ट्रे शहाबादी फरशीवर आपटला.

त्याचे तुकडे पार उंबऱ्यापर्यंत गेले. आईनं पदर तोंडाला लावला.

"फुटला!" मी ओरडले. मला खरंच आनंद झाला होता. त्याच भरात मी पांढरा ट्रेही आपटला. तो टणकन उडाला आणि घसरत जाऊन थेट मुलाच्या पायाशी थांबला. आल्यापासून एक अक्षर न बोललेल्या त्या माणसानं ट्रे उचलला, वाकवून पाहिला आणि विचारलं, "मग ती पलटी कधी होणार, ते जमलं का तुम्हाला?"

"नाही. अजून दोन वर्षं लागतील, आणि ती मला हवी आहेत."

वडील खाकरले. "म्या तेच म्हणणार व्हतो, पावणं. तिचं पुरं हुईपर्यंत थांबावं लागंल."

काकांनी पायाशी पडलेल्या तुकड्यांकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटले. "तुमचा ट्रे फोडला मी. आता न्हाई कसं म्हणू? थांबतो आमी. पलटी झाली की कळव, पोरी."

त्यांनी शब्द पाळला, पण मला स्वस्थ बसू दिलं नाही. दिवाळीला, संक्रांतीला, गावच्या यात्रेला फोन यायचा, "पलटी झाली का गं?" शर्यतीत पलटी झाली की लोक हळहळतात, आणि इथं दोन घरं तिच्यासाठी देव पाण्यात ठेवून बसली होती.

चूक अखेर सापडली. माल घट्ट होत जातो तसं ढवळणं जड होत जातं, आणि मी ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखंच धरलं होतं. ते बदलल्यावर प्रोग्राम त्या जागेवरून सुरळीत पुढे गेला आणि आकडे प्रयोगाशी जुळले. मी धावत एसटीडी बूथ गाठला.

"काका, झाली!"

रिसीव्हर हातात धरूनच ते घरात ओरडत होते, "अरं, पोरीची पलटी झाली! मुहूर्त बघा!"

बूथमध्ये उभी राहून मी हसत होते आणि डोळे पुसत होते. पीएच.डी.च्या गाईडना मी दुसरा फोन केला.