सहावं पाकीट

आमच्या कॉलेजात ट्रान्सक्रिप्टच्या खिडकीशी बसणारे काका समोरच्याचं बोलणं पुरं होण्याआधीच "हव", म्हणजे हो, म्हणतात. परदेशातली काही विद्यापीठं अजूनही मार्कांचे कागद कॉलेजनं बंद केलेल्या पाकिटातच मागतात. काका बोटानं डिंक लावतात, अर्धा झाकणावर येईल असा शिक्का मारतात आणि पाकिटांवर आपला जेवणाचा डबा ठेवतात. कितीही घाई सांगा, डिंक वाळल्याशिवाय डबा उचलत नाहीत.

अर्ज करायच्या पहिल्या वर्षी मी एक पाकीट घरी उघडून पाहिलं होतं. मार्क बरोबर आहेत ना, एवढंच. "उघडलं काहून? आता हे कोणी घेत नाही," काका म्हणाले आणि न कुरकुरता दुसरं करून दिलं. तेव्हापासून चिकटवण्याआधी ते कागद माझ्याकडे फिरवतात. "पाहून घे, बेटा."

परदेशातल्या एम.एस.साठी दोन वर्षं सगळीकडून नकारच आले. यंदा तिसरी खेप. तेलीबांधा भागातल्या माझ्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून मी खिडकीशी गेले. मार्क पाठ झालेत, तरी पूर्ण वाचले. डब्याखालून पाकिटं निघाली ती सहा.

"काका, मी पाचच सांगितली होती."

"हव. एक घरी राहू दे. मी यंदा रिटायर होऊन राहिलो. पुढच्या साली नवा माणूस तुले चकरा मारायले लावन."

पुढच्या साली मी पुन्हा येणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मला राग यायला हवा होता. मी "हव" म्हटलं आणि सहावं पाकीट बॅगेत ठेवलं, दुमडणार नाही असं.